खिसा जनतेचा, किल्ली कंपनीची!

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंहासनाबरोबर आणखी एक वस्तू निर्माण केली. ती म्हणजे स्वराज्याचे स्वतःचे नाणे. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई! ज्या राज्याच्या बाजारपेठेत केवळ परक्याचे नाणे खणखणते, ते राज्य पुरते आपले नव्हे, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. आणि त्या शिवराईचा चिवटपणा तरी केवढा! १८१८ साली पेशवाई बुडाली, मराठी राज्य गेले, तरी बाजारात शिवराई चालतच राहिली. राज्य मोडले, पण राज्याने रयतेच्या हाती दिलेले नाणे मोडले नाही.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे की, आमच्या डोळ्यांदेखत ह्या देशातील पैशाने आपले रूप पालटले आहे आणि ह्या पालटाबरोबर त्याचे आयुष्यही पालटले आहे. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत आणि रिक्षावाल्यापासून रुग्णालयापर्यंत सारा व्यवहार आता फोनवरून होऊ लागला आहे. शिवराई राज्य बुडाल्यावरही चालली. फोनातला पैसा मात्र फोन बनविणाऱ्या कंपनीने 'ह्या फोनाला आता आम्ही अपडेट देणार नाही' असे ठरविले की लंगडू लागतो! राज्यकर्त्यांनी कोणताही हुकूम काढलेला नसतो. रिझर्व्ह बँकेने कोणतीही नोट रद्द केलेली नसते. तरीदेखील एका गरीब माणसाचा व्यवहार करण्याचा मार्ग बंद होतो, आणि तो कोणी बंद केला हे त्याला सांगणारासुद्धा कोणी नसतो. हा प्रश्न यंत्राचा नव्हे. हा नागरिकांच्या हक्काचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ज्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. यूपीआय नावाची जी व्यवस्था ह्या देशाने उभारली, ती अभिमान वाटावा अशीच आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांनी ह्याच मुंबई नगरीत तिचा प्रारंभ केला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदीचा वज्राघात झाला आणि ज्यांनी कधी बँकेच्या पायऱ्याही आनंदाने चढल्या नव्हत्या, त्यांना ह्या नव्या वाटेने जाणे भाग पडले. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने 'भीम' हे अ‍ॅप काढले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्यास दिले, हे औचित्यपूर्णच होते. आरंभी सक्तीने आलेली ही सवय पुढे लोकांच्या अंगवळणी पडली आणि शेवटी त्यांना ती आवडूही लागली. २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात यूपीआयवरून १८ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. २०२५ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात ही संख्या २ हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणजे दिवसाला सरासरी ६४ कोटींहून अधिक व्यवहार! 'सुट्टे नाहीत' म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या ठेवणारा दुकानदार आज दिसेनासा झाला, ही काही लहान क्रांती नव्हे.

परंतु क्रांतीचे नगारे वाजत असताना एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. ही सारी इमारत कोणत्या जोत्यावर उभी आहे?

नोट देण्याघेण्यासाठी माणसाजवळ काय लागते? नोट लागते. त्यापलीकडे काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील २६ व्या कलमाने त्या कागदाला देशभर वैध चलनाचे सामर्थ्य दिले आहे. ती नोट धरणारा साक्षर आहे की निरक्षर, तरुण आहे की वृद्ध, त्याच्या घरी वीज आहे की नाही, हे ती नोट विचारीत नाही. फोनवरून पैसे देण्यासाठी मात्र फोन लागतो, तो भारलेला लागतो, चालू सिम कार्ड लागते, इंटरनेट लागते, बँकेचे यंत्र जागे लागते, अ‍ॅप लागते आणि ते अ‍ॅप ज्यावर चालते ती फोनाची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, पुरेशी नवी लागते. ह्या साखळीतील इतर कड्या तुटल्या तर माणसाला लगेच कळते. बॅटरी संपली तर पडदा काळा होतो, इंटरनेट गेले तर चक्र फिरत राहते. शेवटची कडी मात्र आवाज न करता झिजते. फोन चालू असतो, बोलणे होत असते, चित्रे दिसत असतात; आणि तरीही तो फोन आतून असुरक्षित झालेला असतो.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. फोनाची मूळ प्रणाली ही लक्षावधी ओळींची आज्ञावली असते. तीत चुका राहतात. ह्या चुकांमधून चोर आत शिरू शकतो. म्हणून त्या सापडतील तशा बुजवाव्या लागतात. ज्याला आपण 'सिक्युरिटी अपडेट' म्हणतो, ती ही बुजवणी होय. आपल्या देशातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्मार्टफोन गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. २०१५ च्या ऑगस्टपासून गूगल ह्या दुरुस्त्या दरमहा जाहीर करते. पण गूगलने जाहीर केली म्हणून ती दुरुस्ती आपल्या फोनात आली असे मात्र नाही. फोन बनविणाऱ्या कंपनीने ती आपल्या प्रत्येक नमुन्याला बेतून घ्यावी लागते, तपासावी लागते आणि मग धाडावी लागते. ह्याला खर्च येतो. विकून झालेल्या स्वस्त फोनावर हा खर्च करण्यात कंपनीला रस असण्याचे कारणच काय? म्हणून कित्येक स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांपलीकडे ही दुरुस्ती मिळत नाही. त्यातही मेख अशी की, ही वर्षे बहुधा तो नमुना बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. तुम्ही तो विकत घेतलात त्या दिवसापासून नव्हे. दीड वर्ष जुना नमुना दिवाळीच्या सवलतीत घेणाऱ्या गरिबाच्या वाट्याला किती महिने उरले, हा हिशेब त्याला दुकानात कोण सांगतो?

आणि येथेच ह्या प्रश्नाची सर्वांत भयंकर बाजू आहे. दुरुस्ती जाहीर होते याचा अर्थ भोक कोठे होते हेही जगजाहीर होते. ज्याच्या फोनात दुरुस्ती पोचली तो वाचला. ज्याच्या फोनात ती कधीच पोचणार नाही, त्याच्या घराच्या कोणत्या भिंतीला खिंडार आहे याचा नकाशाच चोराच्या हाती पडला! श्रीमंताचा फोन दरमहा अधिक बळकट होत जातो आणि गरिबाचा फोन दरमहा अधिक दुबळा होत जातो. विषमतेचे असे अदृश्य रूप ह्या देशाने पूर्वी पाहिले नसेल.

मग पैसे देण्याची अ‍ॅपे काय करतात? ती आपल्या परीने शहाणपणाच करतात. नोंदणीच्या वेळी हे अ‍ॅप तुमचे सिम, तुमचा क्रमांक आणि तुमचा फोन ह्या तिहींना एकमेकांशी बांधून टाकते. त्यामुळे फोन विश्वासार्ह नसेल तर सारा विश्वासच ढासळतो. म्हणून अ‍ॅप बनविणारे एक किमान मर्यादा ठरवितात आणि तिच्याखालील जुन्या प्रणालीवर आपले अ‍ॅप चालू देत नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांना दोष देता येणार नाही. परंतु परिणाम काय होतो? एका कंपनीने फोनाची दुरुस्ती थांबविली, दुसरीने त्या फोनावर आपले अ‍ॅप थांबविले, बँक म्हणाली आमचा संबंध नाही. आणि ज्याने पै पै साठवून तो फोन घेतला, तो मात्र दुकानाच्या दारात उभा! प्रत्येकाचे हात स्वच्छ आहेत आणि तरीही माणूस बुडाला आहे. अशा वेळी जबाबदारी निश्चित करण्यासाठीच तर शासनसंस्था अस्तित्वात असते.

हा 'उभा राहणारा' माणूस कोण, हेही नीट पाहा. तो दादरच्या फूलबाजारात पहाटे चारला टोपली मांडणारा विक्रेता आहे. ती धुणीभांडी करून महिन्याचा पगार फोनवर घेणारी बाई आहे. तो मुलाने टाकून दिलेला फोन वापरणारा निवृत्त गिरणी कामगार आहे. आपल्या समाजात फोन वरून खाली झिरपतो. साहेबाचा जुना फोन शिपायाकडे जातो, मुलाचा जुना फोन आईकडे येतो. म्हणजे ज्याला फसवणे सर्वांत सोपे, त्याच्याच हाती सर्वांत जुना आणि सर्वांत असुरक्षित फोन! २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी 'स्वनिधी' योजना काढली आणि फोनवरून व्यवहार केल्यास बक्षिसी देऊ केली. फेरीवाल्याने सरकारचे ऐकले. त्याने गाडीवर तो चौकोनी क्यूआर कोड चिकटविला. आता त्याचा फोन म्हातारा झाला, तर त्याचे पाहणे कोणाचे काम?

फोन कंपन्या म्हणतील की, वर्षानुवर्षे दुरुस्ती पुरविणे परवडणारे नाही. ही सबब त्यांच्याच कृतीने खोटी पाडली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात गूगलने आपल्या पिक्सेल ८ ह्या फोनाला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. पाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ ला तेच वचन दिले. म्हणजे जे साठ-सत्तर हजारांच्या फोनाला शक्य आहे, ते आठ-दहा हजारांच्या फोनाला केवळ इच्छेच्या अभावी अशक्य ठरते! युरोपीय संघाने तर इच्छेवर काही ठेवलेच नाही. २० जून २०२५ पासून तेथे असा नियम लागू झाला आहे की, एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे त्याला प्रणालीचे अपडेट मिळत राहिले पाहिजेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची दुरुस्ती किमान किती काळ मिळेल हे ग्राहकास सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. कंपन्या त्याच, कारखाने बहुधा तेच. फरक एवढाच की तेथे सरकार विचारते आणि येथे सरकार विचारीत नाही.

आपल्या देशात पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ते केव्हा बनविले आणि केव्हापर्यंत खाण्यास योग्य, हे छापावे लागते. औषधाच्या गोळीवर तारीख असते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. पंधरा हजार रुपयांच्या फोनावर मात्र तो केव्हापर्यंत सुरक्षित राहील याची तारीख छापण्याचे बंधन नाही! बिस्किट शिळे निघाले तर फार तर पोट दुखेल. फोन शिळा झाला तर आयुष्याची शिल्लक नाहीशी होईल. ह्यातले अधिक धोक्याचे काय?

केंद्र सरकार ह्या बाबतीत अगदीच झोपले आहे असे आम्ही म्हणणार नाही. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे हे दाखविणारा निर्देशांक ठरविण्यासाठी ग्राहक व्यवहार खात्याने समिती नेमली, तिने २०२५ च्या मे महिन्यात आपला अहवाल सादर केला आणि सॉफ्टवेअरचे अपडेट हा त्यातील एक निकष धरला. ठीक आहे. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे आणि निर्देशांक म्हणजे हमी नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये लहान रकमांच्या यूपीआय व्यवहारांना उत्तेजन देण्यासाठी मंत्रिमंडळाने २०२४-२५ ह्या वर्षाकरिता सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. गाडी वेगाने हाकण्यासाठी दीड हजार कोटी. आणि गाडीची चाके किती दिवस टिकतील हे विचारण्यासाठी मात्र एका समितीचा अहवाल! अपघात झाल्यावर चौकशी नेमणे म्हणजे वरातीमागून घोडे. आम्हांस ते घोडे नकोत.

अपडेटबद्दल लोकांच्या मनात जी भीती आहे, तिचाही येथे विचार केला पाहिजे. अनेक माणसे फोनावर आलेली अपडेटची सूचना महिनोन्‌महिने ढकलीत राहतात. शहाणी माणसे त्यांना अडाणी म्हणतात. हे बरोबर नव्हे. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने स्वतःच मान्य केले की, बॅटरी जीर्ण झालेल्या जुन्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरने कमी करण्यात येत होता. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून हे केले, असा तिचा खुलासा होता. पण ग्राहकांना हे आधी सांगितले नव्हते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ साली अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याच्या प्रकरणी अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. फ्रान्सने २०२० साली अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली! तेव्हा ज्याला अपडेटची धास्ती वाटते, तो मूर्ख नाही. त्याला अनुभवाने सावध केले आहे.

ह्याचा इलाज अपडेट टाळणे हा नव्हे. अपडेट प्रामाणिक करणे हा होय. आज एकाच गाठोड्यात सुरक्षेची दुरुस्ती, नवी सजावट, नको असलेली अ‍ॅपे आणि फोनाची जागा खाणारा पसारा असे सारे बांधून पाठविले जाते. घराचे कुलूप बदलून देतो असे सांगून कोणी घरातले सामानही हलवू लागला, तर घरधनी दार उघडील काय? कुलूपवाल्याने कुलूपच बदलावे. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी, आकाराने लहान आणि केव्हाही घेता येईल अशी असली पाहिजे. तीत काय आहे हे ग्राहकाच्या भाषेत सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात विकलेल्या फोनावर ही माहिती शुद्ध आणि समजेल अशा मराठीत आली, तर काही बिघडणार नाही!

दुसरा मुद्दा सत्तेचा आहे. यूपीआय ही व्यवस्था चालविणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही आपली संस्था. तिचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी रिझर्व्ह बँक फोर्टात आहे. नाणे आपले, टांकसाळ आपली. परंतु तिच्या दारावर उभे कोण आहे? फोनपे आणि गूगल पे ह्या दोन अ‍ॅपांमधून यूपीआयचे शंभरांतील ऐंशींच्या आसपास व्यवहार होत आले आहेत. पहिलीमागे अमेरिकेतील वॉलमार्ट आहे, तर दुसरी गूगलचीच. आणि फोनाची मूळ प्रणालीही त्याच गूगलची! कोणत्याही एका अ‍ॅपाचा वाटा शंभरांत तिसापेक्षा जास्त नसावा, असे २०२० च्या नोव्हेंबरात ठरले. पण ते अमलात आणण्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ढकलण्यात आली. आम्ही परकीय भांडवलाच्या नावाने आंधळा आक्रोश करणारे नाही. ह्या कंपन्यांनी चांगली अ‍ॅपे बनविली म्हणून लोकांनी ती घेतली. परंतु दरवाजा सार्वजनिक असेल तर दरवानाची मर्जी हा कायदा होऊ शकत नाही, एवढे तरी दिल्लीने ध्यानात घ्यावे.

आणि तिसरा मुद्दा रोख पैशाचा. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची यंत्रणा देशभर कोलमडली आणि दुकानांतून गिऱ्हाइके ताटकळत उभी राहिली. त्या दिवशी ज्याच्या खिशात शंभराची नोट होती, तो राजा ठरला. त्याच महिन्यात २८ तारखेला स्पेन आणि पोर्तुगाल ह्या देशांची वीज गेली आणि तेथील सुधारलेल्या नागरिकांना भाकरीसाठी नाण्यांची आठवण झाली. आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ह्या मुंबईची वीज जाऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा दिवे गेले आणि फोन मुके झाले. संकट येते तेव्हा ते आधी तारा तोडते आणि मग माणसाला गाठते. ज्या घडीला पैशाची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला जो पैसा हाती येत नाही, त्याच्यावर एकट्यावर देशाने विसंबू नये. नॉर्वेसारख्या फोनावर व्यवहार करणाऱ्या पुढारलेल्या राष्ट्राने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने बळकट केला, तो काही मागासलेपणामुळे नव्हे.

रिझर्व्ह बँकेने साध्या फोनांचा विचार केला नाही असे नाही. ८ मार्च २०२२ रोजी तिने 'यूपीआय १२३पे' ही सोय काढली. देशात साधे फोन वापरणारे चाळीस कोटींहून अधिक लोक आहेत, असे तेव्हा सांगण्यात आले होते. *९९# हा क्रमांक फिरवून इंटरनेटशिवाय पैसे पाठविण्याची सोय तर त्याहूनही जुनी आहे. परंतु ह्या सोयी लोकांना माहीत आहेत काय? नव्या अ‍ॅपाच्या जाहिराती बसगाड्यांच्या पाठीवर झळकतात. ह्या गरिबाच्या सोयीची एक पाटीही बँकेच्या दारात दिसू नये, ह्याला काय म्हणावे? ज्या दिवशी जुन्या फोनाने दगा दिला, त्या दिवशी माणसाला ही दुसरी वाट ठाऊक असली पाहिजे. वाट आहे, पण वाटेवर दिवा नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निवाडा दिला. हा निवाडा अपंग बांधवांच्या अर्जावर झाला. पण त्यातील तत्त्व सर्वांनाच लागू पडते. जो हक्क घटनेने दिला, तो एखाद्या कारखानदाराच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू शकतो काय? आमचे उत्तर आहे, नाही! त्रिवार नाही!

तेव्हा आम्ही मागणी करतो ती अशी. प्रत्येक नव्या फोनाच्या पेटीवर, किमतीच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, सुरक्षेची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ते छापण्याची सक्ती करा. नमुन्याची विक्री बंद झाल्यापासून किमान पाच वर्षे ती दुरुस्ती देणे युरोपाप्रमाणे येथेही कायद्याने बंधनकारक करा, आणि त्यातून स्वस्त फोनांना वगळू नका. कोणतेही पैशाचे अ‍ॅप जुन्या फोनावर बंद करावयाचे असेल, तर वर्षभर आधी ग्राहकाला त्याच्या भाषेत सूचना द्या आणि त्याच वेळी त्याला दुसरी वाट दाखवा. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैत घालून दिले होते. फोन जुना असणे म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा नव्हे, हेही तिने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. गरिबी हा गुन्हा नाही आणि जुना फोन हा गरिबीचाच एक दाखला आहे. शेवटी, राज्य सरकारने आपल्या अधिकारातले तरी करावे. एसटीचा वाहक, महापालिकेची खिडकी आणि सरकारी रुग्णालयाचा केसपेपर येथे रोख पैसे नाकारले जाणार नाहीत, असा हुकूम काढावा. त्याला संसदेची वाट पाहावी लागत नाही.

ह्यात अशक्य असे काय आहे? ह्यासाठी नवे यंत्र शोधावे लागत नाही, तिजोरीवर मोठा भार पडत नाही. एक तारीख, एक मुदत, एक सूचना आणि एक हुकूम! जे सरकार दिवसाला कोट्यवधी व्यवहार क्षणार्धात पार पाडण्याची किमया करून दाखविते, त्याला पेटीवर एक तारीख छापून घेता येत नसेल, तर उणीव बुद्धीची नव्हे, इच्छेची आहे असेच म्हणावे लागेल.

पैसा म्हणजे विश्वास. राजाने नाण्यावर आपला छाप उमटविला, तो सोन्याची शोभा वाढविण्यासाठी नव्हे. रयतेला दिलेल्या शब्दाची ती निशाणी होती. आज त्या छापाची जागा फोनाच्या पडद्यावरील हिरव्या खुणेने घेतली आहे. खूण पालटली तरी शब्द पालटता कामा नये. हा शब्द सरकारने दिला आहे, कंपनीने नव्हे. म्हणून तो पाळण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे. खिसा जनतेचा आहे. त्याची किल्ली जनतेच्याच हाती असली पाहिजे!